राजवाड्यातली रिकामी जागा

सोनवडीच्या महाराजांचा नवा राजवाडा बांधून झाला, वास्तुशांत झाली, लाडू संपले. पण गवंड्यांच्या मजुरीचा विषय निघाला की महाराजांना नेमकी झोप येई.

हैबती गवंडी मेटाकुटीला आला. हाताखालची माणसं रोज त्याच्या ओसरीवर येऊन बसत, आणि त्यांच्या घरी चुली थंड होत्या. शेवटी तो आपल्या सुनेला, येसूला, घेऊन भर दरबारात गेला.

"म्हाराज, मजुरी द्या. न्हाईतर आमचं हाय ते आमाला घेऊ द्या."

महाराज खुशीत आले. गरिबाला पेचात पकडायला मिळालं की त्यांना राज्यकारभारही आठवत नसे.

"दगड कोणाचा?"

"तुमचा."

"चुना? लाकूड?"

"तुमचंच, म्हाराज."

"मग तुझं काय राहिलं? बरं, दगड, चुना, लाकूड सोडून राजवाड्यात जे असेल, ते मजुरी मिळेपर्यंत तुझ्या ताब्यात. हा माझा शब्द! पण एक चिराही हलता कामा नये."

दरबार खो खो हसला. दरबाराला पगार त्याचाच होता.

"चालंल, म्हाराज," येसू म्हणाली.

"अगं, काय चालंल?" वाटेत हैबती चिडला.

"मामंजी, उद्या पहाटं सगळी मानसं घेऊन या."

दुसऱ्या दिवशी सकाळी महाराज हातात तांब्या घेऊन घाईघाईने परसाकडे निघाले. शिपायाने दार उघडलं, तर चौकटीत येसू मांडी घालून भाकरी खात बसलेली.

"बाजूला हो!"

"कशी होऊ? दगड, चुना, लाकूड तुमचं. पर ही मधली रिकामी जागा त्यातल्या कशाची हाय? ती आमच्या मानसांनी राखली, म्हनून तुमी आत-बाहेर करता. काल तुमीच ती आमच्या ताब्यात दिली. चिरा एकबी हालला न्हाई, बघून घ्या."

"मागचं दार उघडा!"

"तिथं मामंजी बसल्यात. खिडक्यांतबी आमचीच मानसं हायत."

शिपाई पुढे सरसावला, पण महाराजांनी त्याला थांबवलं. शब्द भर दरबारात दिलेला होता, आणि झटापटीला वेळ नव्हता.

"अगं बाई, मग मी बाहेर जाऊ कुठून?"

"भिंतीतनं जावा की, म्हाराज. भिंत तुमचीच हाय."

महाराजांना हसू फुटलं. त्या अवस्थेत हसणं धोक्याचं होतं, तरी आवरेना. खजिनदाराला अंथरुणातून उठवून त्यांनी सगळी मजुरी तिथल्या तिथे चुकती केली, वर येसूला सोन्याच्या पाटल्या दिल्या.

"आणि आजपासून माझ्या राज्यात मजुरी मिळेपर्यंत प्रत्येक घराचं दार गवंड्याचं! आता तरी ऊठ!"

येसू उठली. महाराज तांब्या सांभाळत, हसत हसत पळाले.