चुन्याची भिंत

घरांच्या भिंतींना चुना लावायचे, त्या काळातली गोष्ट. लाखी नावाच्या कोंबडीची अंडी तिच्याच अंगाखाली फुटत. कवच कसलं, कांद्याचा पापुद्रा. तिला कुठे चैन पडेना; दिवसभर खुराड्याच्या आत-बाहेर करी.

"कण्या कमी पडतात तुला," कोंबडा म्हणाला. तिनं आणखी कण्या खाल्ल्या. अंगानं सुटली, पण अंडी फुटतच राहिली.

एके दुपारी तिनं मागच्या भिंतीवर चोच मारली. चुन्याचा पोपडा जिभेवर येताच आतली तगमग क्षणभर थांबली. मग ती रोजच भिंत कोरू लागली. मालकीण झाडू घेऊन धावे, कोंबडा लाजेनं मान फिरवी.

"पोटभर मिळतं, तरी भिंती खातेस?" कोंबड्यानं विचारलं.

"पोट भरलंय हो," लाखी म्हणाली. "पण कण्यांत चुना कुठंय? अंड्याचं कवच मी कशाचं करू?"

पुढच्या खेपेला अंडी टिकली. लाखी त्यांच्यावर बसली ती हललीच नाही. शेवटी एका अंड्यातून टकटक ऐकू आली. बराच वेळ झाला, तरी कवच फुटेना. आता कोंबडाच येरझारा घालू लागला.

"फोड ना ते. किती टणक केलंस."

"थांबा जरा," लाखी म्हणाली. "आत्ता कुठे त्याची आतून फुटायची वेळ झालीय."