डोक्यावरचा हात

दोष गुरुजींचा होता. सोपानचा नव्हता, त्याच्या नावाने 'हजर' म्हणणाऱ्या यशोधनचा नव्हता, आणि रेणूचा तर मुळीच नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मोठ्या माणसाची चूक गोष्टीच्या शेवटाला येईपर्यंत कुणातरी लहानाच्या नावावर चढलेली असते.

तर, डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका गावात एक वृद्ध गुरुजी होते. चौतीस वर्षं ते उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांचं शिबिर चालवीत. सकाळी सूर्यनमस्कार, मग श्लोक, मातीकाम, लपंडाव. दुपारी आईबाप न्यायला येत. निम्मं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं. लोक त्यांना ज्ञानी म्हणत, आणि ते कधी नको म्हणत नसत.

रेणू त्यांचीच शिष्या. आठव्या वर्षी शिबिरात आली ती सव्विसाव्या वर्षीही तिथेच होती, आणि आता निम्मा भार तिच्यावर होता. तिची एक पद्धत होती. मुलं आली की, कुठे निघायचं झालं की, परतली की ती त्यांना रांगेत बसवी आणि एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून मोजी. कपाळ तापलेलं लागलं तर हात तिथेच थांबे. केस ओले लागले तर विचारी, "टाकीपाशी कोण गेलं होतं?" सत्तावीस मुलं भरल्याशिवाय फाटक उघडत नसे.

मुलांना त्या हाताची सवय झाली. एक चिमुरडी तर मोजून झाल्यावर गुपचूप रांगेच्या टोकाला जाऊन पुन्हा बसे.

"तुझा झाला की गं!"

"परत, ताई."

"म्हणजे अठ्ठावीस होणार. वरचं एक कुणाच्या घरी पाठवू?"

रांग खिदळे. ओट्यावर बसलेले गुरुजी खाकरत.

त्यांच्या पोटात दुखू लागलं होतं. डोक्यावर हात ठेवणं हा त्यांचा अधिकार! शिबिराच्या शेवटच्या दिवशी मुलं पाया पडत, ते हात ठेवून आशीर्वाद देत, आयांचे डोळे भरून येत. वर्षातून एकदाच मिळायचा म्हणून त्या हाताला मोल. आणि ही पोरगी बाजारात नारळ पारखावेत तशी दिवसातून चारदा डोकी चाचपते, आणि तरी पोरं तिच्याच हाताखाली मान देतात!

एका सकाळी रेणूला यायला उशीर झाला, तेव्हा त्यांनी स्वतःच हात पुढे केला. रांगेत पहिला सोपान होता, सात वर्षांचा. हात येताना दिसताच त्याने मान आत ओढली आणि डोळे गच्च मिटले. टपली बसणार, या अंदाजाने. चौतीस वर्षं तो हात बहुतेक कशासाठी उठला होता, ते त्या मानेला ठाऊक होतं. गुरुजींनी हात मागे घेतला. राग मात्र रेणूवर निघाला.

"उद्यापासून हे डोकी चाचपणं बंद."

"पण गुरुजी, मोजायचं कसं?"

"हजेरी कशाला असते? नावं मी पुकारीन. जरा शिस्त लागू दे. डोक्यावर हात वडीलधाऱ्यांनी ठेवायचा असतो. तुझं वय काय?"

"हात लागला की मूल तिथे आहे एवढं कळतं. बाकी काही नाही."

"मला शिकवतेस? तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून हे शिबिर चाललंय."

गुरूपुढे उलट बोलायचं नाही, हेही रेणूला त्यांनीच शिकवलेलं.

तिसऱ्या दिवशी सगळ्यांना आमराईत जायचं होतं. निघायची वेळ झाली तरी लपंडाव रंगात होता. सोपान अडगळीच्या खोलीत, गुंडाळलेल्या सतरंज्यांमागे दडला होता. गुरुजींनी ओट्यावर बसून वही उघडली आणि नावं पुकारली. सोपानचं नाव आलं तेव्हा मित्राची जागा फुटू नये म्हणून यशोधन नाक दाबून म्हणाला, "हजर!" त्याच्या लेखी खेळ अजून संपलेला नव्हता, सोपान मागून पळत येईलच. गुरुजींनी वहीतून डोकं वर काढलं नाही. निघताना खोलीचं दार उघडं दिसलं, तेव्हा त्यांनीच ते ओढून कुलूप घातलं. आत सोपानने श्वास रोखून धरला. त्याला वाटलं, राज्य असलेला पोरगा शोधत आलाय.

आमराईत रेणूने पन्हं वाटलं. एक पेला उरला.

"गुरुजी, एक पेला उरलाय."

"जास्तीचा भरला असशील."

"सत्तावीसच भरले होते. एकदा मोजू का?"

गुरुजींना पुढचं दिसत होतं. ही हात पुढे करणार, आणि तासभर त्यांनी ओरडूनही एका जागी न बसलेली पोरं झाडांवरून उतरून हिच्यापुढे रांग धरणार.

"नावं मी पुकारलीत. सगळी हजर आहेत. बस खाली."

ती बसली. अर्धा तास त्या पेल्याकडे बघत बसली. मग कुणालाही न विचारता उठली आणि जवळच्या डोक्यावर हात ठेवला. एक. दोन. सव्वीसवर हात थांबला. यशोधनला रडू फुटलं.

"ताई, तो सतरंज्यांच्या मागे आहे..."

"किल्ली," रेणू गुरुजींपुढे हात पसरून म्हणाली. गुरुजी सदऱ्याचे खिसे चाचपू लागले. किल्ली हातात पडताच ती धावत सुटली.

मे महिना, वर पत्रा. सोपान दाराशी पडला होता. दार बडवून मुठी सोलल्या होत्या. श्वास चालू होता. त्याला शुद्ध यायला दोन दिवस लागले, आणि त्या दोन दिवसांत दवाखान्याच्या व्हरांड्यात ज्ञानी गुरुजी भेटेल त्याला सांगत होते, "त्याच्या दोस्ताने खोटी हजेरी दिली हो!" दोस्त आठ वर्षांचा होता.

त्या घटनेच्या चौथ्या दिवशी पालक मुलांना घेऊन जाब विचारायला आले. मोठ्यांचा आवाज चढला तशी मुलं सवयीने रांग करून बसली आणि रेणू त्यांना मोजू लागली. तिचा हात रांगेवरून सरकत टोकाच्या यशोधनपाशी आला. गेले चार दिवस खाली मान घालून फिरणाऱ्या त्या पोराने हात लागताच वर पाहिलं. गुरुजी ओट्यावरून ते बघत होते. मग ते खाली उतरले, रांगेच्या शेवटी, यशोधनच्या शेजारी मांडी घालून बसले आणि रेणूपुढे मान वाकवली.

"गुरुजी, हे काय?" सोपानच्या वडिलांनी विचारलं.

"या पोराने खोटी हजेरी दिली, असं मी सांगत फिरलो. ती ऐकून मान वर न करणारा मी होतो. कुलूप माझं, किल्ली माझ्या खिशात. आणि पेला उरला तेव्हा हिला मोजू दिलं नाही, कारण हिच्या हाताचा मला हेवा वाटत होता. हिचा हात प्रत्येक डोक्याला विचारायचा, तू आहेस ना? माझा हात नुसतं सांगायचा, मी आहे."

बोलून झाल्यावरही त्यांनी मान वाकवलेलीच ठेवली. ते वाट बघत होते. एवढं कबूल केल्यावर तो हात आपल्याही वाट्याला येईल, असं त्यांना वाटत होतं.

रेणू त्यांच्यासमोर आली. तिचा हात तिच्या अंगाशीच राहिला.

"उठा, गुरुजी," ती हळू आवाजात म्हणाली. "ती सोपानची जागा आहे."

गुरुजींना कळलं. गुडघ्यावर हात टेकून ते उठले, चपला घातल्या आणि फाटकाबाहेर पडले.

सोपान दहाव्या दिवशी घरी आला. अजून तो दार बंद करून झोपत नाही. शिबिर रेणू चालवते. चौतीस वर्षं चालवलेल्या त्या शिबिरात गुरुजींना पुन्हा कुणी बोलावलं नाही.