ठकूचं

फार फार मागं, आपल्या पणज्यांच्याही पणज्यांच्या काळात, मोरदरा गावावर पाऊस रुसला. सुभानजी पाटलानं पुढच्या पेरणीचं जोंधळ्याचं बियाणं घरोघरून गोळा केलं आणि जमिनीखालच्या एकाच पेवात भरलं. आता राखायचं कुणी? ज्याला शेत होतं, त्याच्यावर कुणाचा भरवसा नव्हता. शेवटी ठकू कुंभारणीला बसवलं. तिला ना शेत, ना पोर.

पाटलाच्या मनात मात्र पाल चुकचुकली. "नावातच ठक," तो बायकोला म्हणाला.

ठकूनं पेवाच्या तोंडाभोवती राखेची रेघ ओढली आणि तिथंच झोपडी घातली.

गाव पाला उकडून खाऊ लागलं, तशी सगळ्यांची नजर ठकूच्या चुलीवर गेली. रोज धूर निघतो, मग ही शिजवते काय? एका संध्याकाळी पाटील न सांगता आत शिरला आणि त्यानं मडक्यावरचं झाकण उचललं. आत चिंचोके रटरटत होते. तरी त्याला वाटलं, दाखवायचे दात वेगळे, खायचे वेगळे.

मग पाटलाची सून बाळंत झाली आणि तिला दूध येईना. पाटील एकटाच पेवाशी गेला. ओंजळभर जोंधळा मागताना त्याची मान वर होईना.

ठकू म्हणाली, "पाटील, हे आता तुमचं न्हाई आन् माजंबी न्हाई. न्यायचं तर न्या. पर रेघ तुमीच पुसा."

पाटलानं पाय उचलला. असं म्हणतात, थंड राख निखाऱ्यासारखी फुलली आणि त्याचा पाय अधांतरीच राहिला. तो मागं वळला, तेव्हा ठकूनं आपलं चिंचोक्यांचं मडकं त्याच्या हातात दिलं. त्यावर सून तगली.

मृगाला ढग आले. पेव उघडलं. कमी भरणार या खात्रीनं पाटलानं स्वतः माप घातलं, तर बियाणं जास्त भरलं. लोक एकमेकांकडं संशयानं बघू लागले. पाटलाला तेवढ्यात उमगलं. घरात दाणा होता तोवर राखणीबद्दल घरोघरून ठकूला पसा-पसा जोंधळा मिळायचा. तो सगळा तिनं पेवात टाकला होता.

तो झोपडीकडं धावला. आत कुणी नव्हतं. असं म्हणतात, तिचं मडकी घडवायचं चाक एकटंच फिरत होतं. ठकू पुन्हा कुणाला दिसली नाही.

मोरदऱ्याची माणसं अजून संशयीच आहेत. दाराला दोन-दोन कुलपं लावतात. पण खळ्यातली रास असो, भावाभावांतला बांध असो, नाहीतर सोयरिकीत दिलेला शब्द, "ते ठकूचं हाय" म्हटलं की पुढं झालेला हात मागं येतो. आणि पेरणीचा पहिला पसा तिथं कुणी आपल्या शेतात टाकत नाही, शेताकडं जाणाऱ्या पांदीच्या कडेला पेरतात. ती कणसं कोण खुडून नेतं, हे मोरदऱ्यात कुणीही बघत नाही.