बांधलेल्या सोंडा

माणसांच्या शाळा निघाल्या, त्याच्याही कितीतरी आधी हत्तींच्या कळपात पिल्लांची शाळा भरत असे. कळपातली सगळ्यांत थोरली हत्तीण, कावेरीबाई, तिथं शिकवायच्या.

पिल्लांचं लक्ष मात्र सोंडेतच. कुणी शेजाऱ्याची शेपटी ओढायचं, कुणी माती उडवायचं. बाई वैतागल्या. "उद्यापासून शाळेत यायचं ते सोंड वेलीनं बांधून!" वर्ग एकदम चिडीचूप झाला. बाई खूश झाल्या.

पुढं कडक उन्हाळ्यात तळं आटलं. बाईंनी तहानलेल्या पिल्लांना कोरड्या नदीत नेलं आणि वेली सोडल्या. "वास घ्या आणि सांगा, वाळूखाली पाणी कुठं आहे?"

मोकळ्या झालेल्या सोंडा तडक एकमेकांच्या शेपट्यांकडे वळल्या. सोंडेचा दुसरा उपयोग पिल्लांना ठाऊकच नव्हता.

"काय ही कार्टी!" म्हणत बाईंनी स्वतःची सोंड वाळूवरून फिरवली आणि एका जागी खणलं. पाणी लागलं.

तेवढ्यात ढोल्या नावाच्या पिल्लाची आई, तुंगा, पुढं आली. "बाई, लहानपणी तुमची सोंड कुणी बांधली होती का?"

"छे! मला तर इथंच, ह्याच वाळूत शिकवलं."

"मग ह्यांच्या बांधल्यात, तर तुमच्यामागं कळपाला पाणी कोण दाखवणार?"



दुसऱ्या दिवशी शाळा नदीच्या वाळूत भरली. ढोल्या सवयीनं वेल घेऊन आला. बाईंनी ती त्याच्या सोंडेतून काढून घेतली आणि खाऊन टाकली.