झडपेचे चाळीस फेरे

एकदा एका गावात भर दुपारी पाण्याचा मोठा नळ फुटला, आणि जो तो केरबाअण्णांच्या नावाने ओरडू लागला. गावाला पाणी सोडण्यात अण्णांची पस्तीस वर्षे गेली होती. माणूस दमला होता हो, पण दमलेल्याला विचारतो कोण!

चौकातल्या कापडाच्या दुकानात पाणी शिरत होते. वरच्या अंगाची झडप बंद करायची, एवढेच काम. तिला बटरफ्लाय व्हॉल्व्ह म्हणतात. धरणावर, कारखान्यात, जिथे जाड नळ तिथे ती असतेच. नळाच्या आत मधोमध एक गोल तबकडी असते. ती प्रवाहाला समांतर असली की पाणी वाहते; पाव फेरा वळून आडवी झाली की थांबते. बाहेरचे चाक मात्र दातेरी चक्रांमुळे चाळीस वेळा फिरवावे लागते.

अण्णांच्या हाताखाली शिकणारा निवास लोखंडी दांडा घेऊन धावत आला.

"अण्णा, चाक, चक्रं काढतो अन् तबकडीच्या आसालाच हा दांडा लावतो. एका हिसक्यात बंद!"

अण्णांनी दांडा ओढून घेतला आणि सरळ गटारात फेकला. मग चाक धरले. दोन फेरे फिरवत, थांबत, पुन्हा दोन फेरे.

"म्हाताऱ्या, माझं दुकान बुडालं रे!" व्यापारी रडकुंडीला आला होता. निवासला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

बाराव्या फेऱ्याला अण्णांचे हात चालेनासे झाले. ते तिथेच खाली बसले.

"तबकडी वळवणं सोपं आहे, तेच वाईट," ते म्हणाले. "टेकडीवरच्या टाकीपासून दोन कोस पाणी धावत येतंय. एकदम अडवलं, तर ते उलटी धडक मारतं आणि नळाचा वरचा जोड उखडतं. तुझ्या वयात मीही असाच दांडा लावला होता. वर जोडाच्या खड्ड्यात माझा मेहुणा काम करत होता. इकडे लोक माझी पाठ थोपटत होते, आणि तिकडे तो गेला. बहीण अजून भाऊबीजेला ओवाळते, एका शब्दानं दोष देत नाही. तेच सोसत नाही रे आता. आजही वर त्या खड्ड्यात दोन माणसं उतरली आहेत."

निवासने चाक हाती घेतले, दोन फेरे फिरवले आणि थांबला.

"अरे, हात मोडले का तुझे?" व्यापारी ओरडला.

"कापड वाळतं, शेटजी," निवास म्हणाला, आणि पाण्याचा जोर ओसरण्याची वाट पाहत तसाच बसून राहिला.