डोहातला लंबदुभाजक

ताई त्या दिवशी उजवीकडे का वळली?

फार पूर्वी, आटत चाललेल्या एका डोहात खवल्या नावाचा लहानगा मासा भेटेल त्याला हेच विचारी. डोहातून नदीत जायला एकच अरुंद तोंड होतं आणि त्याच्या दोन्ही काठांशी एकेक बगळा उभा असे. ताईला उजव्यानं गिळलं होतं.

"डाव्या काठाला चिकटून निसटा," म्हातारे झिंगेमामा कुजबुजले.

"म्हणजे डाव्याचं जेवण!" खवल्या उसळला. "ताईही डाव्याला भिऊनच वळली असेल."

तेवढ्यात काठावरची फांदी कडाडून मोडली. दोन्ही बगळ्यांनी दचकून एकदम पाय आपटले. दोन गोल लाटा वाढत वाढत बरोबर मध्यावर भेटल्या आणि मग ती भेट पुढे-मागे सरळ रेघेत सरकत थेट नदीपर्यंत गेली. खवल्या खालून बघतच राहिला. त्या रेघेवर कुठंही असा, दोघे बगळे सारखेच लांब!

"हीच वाट! एकाला टाळताना दुसऱ्याच्या जवळ जायला नको, इथं कुणाचीच चोच पोचायची नाही."

पण रेघ विरली. त्याची धाकटी भावंडं त्याला बिलगत म्हणाली, "दादा, आता काहीच दिसत नाही रे. भीतीनं आम्हीपण वळलो तर?"

"पुन्हा दिसेल. मी दचकवतो त्यांना. तुम्ही फक्त रेघ सोडू नका."

"अरे थांब, वेड्या!" झिंगेमामा ओरडेपर्यंत खवल्यानं दोन्ही बगळ्यांच्या डोळ्यांदेखत पाण्याबाहेर उंच उडी घेतली. दोघांचेही पाय एकदम आपटले आणि धाकट्यांच्या डोक्यावरून ती रेघ पुन्हा नदीकडे धावली.