दारावरची डहाळी

गोष्ट फार जुनी. इतकी जुनी की त्या नगराचं नावही आता कुणाला आठवत नाही. पण तिथली एक रीत ध्यानात ठेवण्याजोगी होती. ज्या घरात कुणाला मोठं दुखणं लागे, त्या दारावर कडुनिंबाची डहाळी बांधत. डहाळी दिसली की वाजंत्री वाद्य थांबवीत, भांडणारे तोंड आवरीत आणि फेरीला निघालेले वैद्यबुवा न बोलावता आत शिरत.

तिथं राही नावाची कोष्टीण राहायची. तिच्या घरधन्याला क्षयानं गाठलं होतं. दारावर डहाळी होती, वैद्यबुवा रोज येऊन काढा देत होते आणि हळूहळू उतार पडत होता.

अशात एका व्यापाऱ्यानं खोकल्याचं आसव विकायला काढलं. अहो, विकावं की! औषध विकणं काही पाप नव्हे. पण या गृहस्थाची अक्कल बघा. त्यानं एक ढोलकीवाला आणि एक सोंगाड्या पदरी ठेवला आणि बजावलं, "डहाळी दिसेल त्याच दारात उभे राहा. गिऱ्हाईक तिथंच आहे!"

सोंगाड्या राहीच्या दारात आला. कमरेत वाकून खोकला, लाल रंग थुंकला, डोळे पांढरे करून धुळीत लोळला. मग आसवाचा घोट घेऊन टुणकन उडी मारली. ढोलकी कडाडली. सारी आळी पोट धरून हसली. आग लागो त्या हसण्याला!

आत घरधन्यानं खोकला दाबायला गोधडी तोंडात कोंबली होती. "राही, ती डहाळी काढून टाक," तो म्हणाला. "मला लोकांचा तमाशा व्हायचं नाही." तिनं डोळे पुसत डहाळी उतरवली.

दुसऱ्या दिवशी वैद्यबुवा दारावरून सरळ पुढे गेले. तिसऱ्या दिवशीही तेच. हाक मारू म्हटलं तर नवरा शपथ घाली. आठवडाभरात त्याची पार रया गेली, तेव्हा शपथ मोडून ती वैद्यबुवांकडे धावली.

"बुवा, आमचं घर विसरलात का हो?"

"अगं, डहाळी नव्हती. मला वाटलं, बरा झाला. साऱ्या आळीतल्याच डहाळ्या उतरल्यात. म्हटलं, रोगानं नगर सोडलं!"

"रोगानं नाही सोडलं, बुवा. माणसांनी लाजेपायी डहाळ्या उतरवल्यात!"

वैद्यबुवांना नवऱ्याजवळ बसवून तिनं तडक व्यापाऱ्याचं घर गाठलं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"शेटजी, माझ्या माणसाचा जीव म्हणजे काय तुमच्या ढोलकीचं कातडं आहे? हवं तेव्हा बडवायला?"

"चार माणसं हसली तर बिघडलं काय बाई? माल तर खपतो," व्यापारी म्हणाला.

तेवढ्यात आतून एक दबका आवाज आला. तोंडात कापड कोंबून खोकलं की येतो तसा. राहीच्या कानांना तो पाठ झाला होता. व्यापाऱ्याचा चेहरा पडला. ती न विचारता आत गेली. कोपऱ्यात त्याची म्हातारी आई पदर तोंडाशी धरून थरथरत बसली होती. पदर लाल झाला होता.

"आजी, दारावर डहाळी का नाही हो बांधली?"

"नको गं लेकी," म्हातारी म्हणाली. "डहाळी दिसली तर माझ्याच लेकाचा सोंगाड्या येईल माझं सोंग करायला."

राहीनं व्यापाऱ्याकडे वळून विचारलं, "आणि ते तुमचं आसव? आईला का नाही पाजलंत?"



राहीनं त्याच्याच अंगणातल्या कडुनिंबाची डहाळी मोडली आणि त्याच्या दारावर बांधली. वैद्यबुवा आले. नाडी पाहून म्हणाले, "ही डहाळी बरीच आधी दिसायला हवी होती."

म्हातारी पंधरा दिवसांत गेली. राहीचा घरधनी मात्र वाचला आणि दिवाळीला पुन्हा मागावर बसला. नगरात डहाळ्या परत दिसू लागल्या, सोंगाड्याला कुणी दारात उभं करेना. व्यापाऱ्यानं दुकान मोडलं. दारावरची डहाळी उतरवायचा धीर मात्र त्याला झाला नाही. ती तिथंच वाळून गेली.

म्हणून सांगतो, लहानथोरहो: दुखणाईताच्या दारात जायचं तर आवाज उतरवूनच जावं; कुणाच्या वेदनेची ढोलकी केली, की ती रोगाइतकाच जीव घेते.